गाबोळी कधी भरते? गळ टाकणाऱ्यांसाठी बंदीचे दिवस कसे ठरतात

अब्बासियातून समुद्र दिसत नाही. जलीब अल-शुयूखच्या या दाट वस्तीत दिसतात त्या इमारती, भारतीय शाळांच्या बस आणि विमानतळाकडे उतरणारी विमानं. पण हिवाळा संपत आला की शुक्रवारी पहाटे इथल्या एखाद्या गाडीच्या डिकीत गळाच्या काठ्या, थर्माकोलची पेटी आणि आमिषाची कोळंबी भरली जात असते. कोकणातली मंडळी याला ‘गरवायला जाणं’ म्हणतात. दुपारी घरी आलेला मासा साफ करताना त्याच्या पोटात पिवळसर, टच्च भरलेली गाबोळी सापडते आणि घरात आनंद होतो. गाबोळीचं कालवण किंवा तव्यावर परतलेली गाबोळी हा खवय्यांचा वेगळाच विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

मत्स्यशास्त्रज्ञ मात्र त्या गाबोळीकडे तारखेसारखं बघतो. मासा अमुक महिन्यात अंडी घालतो हे कळण्याची सगळ्यात जुनी, स्वस्त आणि अजूनही वापरात असलेली पद्धत म्हणजे गाबोळीचं वजन करणं. दर महिन्याला एकाच जातीचे काही मासे घ्यायचे, माशाचं वजन करायचं, गाबोळीचं वेगळं करायचं आणि शेकडा प्रमाण काढायचं. समजा, ६०० ग्रॅमच्या मादीत ६० ग्रॅम गाबोळी निघाली, तर प्रमाण दहा टक्के. एरवी ते एक टक्क्याच्या आसपास घुटमळतं. बारा महिन्यांचे आकडे आलेखावर मांडले की एक डोंगर दिसतो. तो चढत असतो तेव्हा मासा अंड्यांची तयारी करत असतो, आणि उतरायला लागला की अंडी घालून होत असतात. मासेमारीवरच्या हंगामी बंदीच्या तारखा ठरवताना या डोंगराकडे आधी पाहिलं जातं.

आधी, पण शेवटी नाही. गळवाल्या हौशी मच्छीमारांच्या बाबतीत तर डोंगराच्या पुढेच खरा गुंता सुरू होतो.

हौशी माणसानं असा काय फरक पडतो?

हा प्रश्न रास्त आहे. एकीकडे रात्रभर जाळी ओढणारी बोट आणि दुसरीकडे किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला, दिवसभरात चार मासे मिळाले तरी खूश असणारा माणूस. या दोघांना एकाच मापानं कसं मोजायचं?

अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा हिशोब मांडला. २००२ मध्ये तिथल्या समुद्रातून किनाऱ्यावर आलेल्या एकूण मासळीत हौशी लोकांचा वाटा जेमतेम ४ टक्के निघाला. पण ज्या जाती आधीच संकटात होत्या तेवढ्याच वेगळ्या काढल्या, तर तो वाटा २३ टक्क्यांवर गेला. कारण उघड आहे. मोठ्या बोटी तेल आणि खाद्यासाठी हजारो टन बारीक मासळी उपसतात आणि हौशी माणूस तिच्या वाटेला जात नाही. त्याला हवा असतो मोठा, जोर लावणारा, फोटोत चांगला दिसणारा मासा, आणि असे मासे बहुधा हळू वाढणारे व संख्येनं कमी असतात.

कुवेतमध्ये असा मासा म्हणजे हमूर. आपल्या मालवणकडच्या हेकरूच्या, गोबऱ्याच्या कुळातला. त्याच्या जोडीला शेम, सोबैती, नुवैबी. शेम आणि सोबैती एकाच कुळातले आणि नुवैबी आपल्या ढोम्याच्या जातकुळीतला.

कुवेतचं वेळापत्रक कोणासाठी आहे?

कुवेतमध्ये मासेमारीच्या तारखा कृषी व मत्स्यसंपदा सार्वजनिक प्राधिकरण ठरवतं. बाजारात जाणाऱ्यांना त्यातल्या दोन चांगल्या ठाऊक असतात. जुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, पकडायला गेली काही वर्षं साधारण १ जून ते १५ जुलै बंदी असते. आणि कोळंबीचा हंगाम १ ऑगस्टला प्रादेशिक पाण्याबाहेर व १ सप्टेंबरला कुवेतच्या प्रादेशिक पाण्यात उघडतो. सप्टेंबरमध्ये ताज्या ‘रुबियान’चे ढीग दिसायला लागतात ते यामुळे.

जुबैदीवरची बंदी उगाच आलेली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यावर कुवेतमध्ये वर्षाला हजार टनांच्या घरात जुबैदी उतरत होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याचा लहानसा अंश उरला. कुवेत वैज्ञानिक संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी गाबोळीचा तो डोंगर जुबैदीसाठी काढला आहे. मे महिन्यात चढ सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत मादी एकदा नाही तर हप्त्याहप्त्यानं अनेकदा अंडी घालते. म्हणजे दीड महिन्याची बंदी पाच महिन्यांच्या हंगामाचा एक तुकडाच झाकते. मच्छीमारालाही घर चालवायचं असतं, तेव्हा ही तडजोड आहे हे समजून घ्यायला हवं. शिवाय घट केवळ जाळ्यांमुळे झाली असंही नाही. शत्त अल-अरबमधून येणारं गोडं पाणी धरणांमुळे कमी झालं आणि पिल्लांच्या वाढीचा उत्तरेकडचा भाग बदलला, हेही कारण संशोधक देतात. तारखा ठरवून नदीला पाणी येत नाही.

आता आपल्या डिकीतल्या गळाकडे या. जुबैदीचं तोंड लहान असतं. ती पाण्यात तरंगणारे बारीक जीव खाते आणि गळाला सहसा लागतच नाही. कोळंबी तर गळानं पकडायची गोष्टच नव्हे. म्हणजे कुवेतमधल्या सर्वांत माहितीतल्या दोन्ही बंद्या जाळ्यांसाठी आहेत. गळाला लागणाऱ्या माशांचं वेळापत्रक अगदीच निराळं आहे. सोबैती आणि शेम थंडीच्या शेवटी अंड्यांवर येतात, साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. हमूर त्यानंतर, वसंतात पाणी तापायला लागलं की.

आणि कुवेतमध्ये समुद्रावर बसण्यासारखी हवा कधी असते? फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. २५ आणि २६ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय सुट्या त्यातच येतात. जून-जुलैत दुपारी तिथे कोण बसणार? गळवाल्याचा सुगीचा काळ आणि त्याच्या माशाचा विणीचा काळ जवळपास एकच आहे. आपल्याला गाबोळी नेमकी त्याच महिन्यांत जास्त मिळते त्याचं कारण हे.

कोकणातला अंदाज इथे चालत नाही

आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात ‘जून-जुलैत समुद्राला विश्रांती’ हे गणित पक्कं बसलेलं असतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते, पूर्वी ती १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोवर असे. पश्चिम किनारा आणि पूर्व किनारा यांच्या तारखाही वेगळ्या आहेत, पूर्वेला १५ एप्रिल ते १४ जून. नारळ वाहून होड्या लोटायच्या या प्रथेला कायद्याच्या आधीपासूनचा इतिहास आहे आणि तिचं पहिलं कारण पावसाळी समुद्राचा धाक हे होतं. माशांना मिळालेली सवड हा त्याचा पदरात पडलेला फायदा. ही बंदी एका जातीची नाही, तिथे मिळणाऱ्या सगळ्या मासळीसाठी मिळून एक मधली वेळ निवडली आहे. ज्यांचा विणीचा काळ त्यात येतो त्यांना ती लाभते, ज्यांचा येत नाही त्यांना फक्त दोन महिने कमी मासेमारी इतकाच लाभ.

म्हणूनच महाराष्ट्रात आता तारखांच्या जोडीला आकाराचा नियमही आला. २०२३ साली चंदेरी पापलेटला राज्य मासा घोषित केलं गेलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला गेला. पापलेटची तळहातापेक्षा लहान पिल्लं बाजारात विकली जात होती, त्यावरची ही प्रतिक्रिया होती. बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात पिल्लंच जाळ्यात भरली, तर दोन महिन्यांच्या विश्रांतीतून हाती काही राहत नाही.

‘अंडी घालताना पकडू नका’ एवढंच पुरेसं आहे का?

इथे एक शंका घ्यायलाच हवी. मार्चमध्ये गाबोळीसकट पकडलेला मासा अंडी घालू शकला नाही, हे खरं. पण तोच मासा डिसेंबरात पकडला असता तर? तेव्हाही त्यानं मार्चमध्ये अंडी घातली नसतीच. गाबोळी दिसत नव्हती एवढाच फरक. माशांच्या संख्येच्या दृष्टीनं मेलेला मासा तो मेलेलाच. मग विणीच्या काळातल्या बंदीत एवढं काय आहे?

उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे. विणीच्या काळात मासा एरवीपेक्षा सोपा सापडतो का? पकडण्याच्या गडबडीत न पकडलेल्या माशांचीही वीण बिघडते का? आणि बंदीमुळे वर्षाची एकूण पकड खरोखर कमी होते, की लोक तीच पकड बाकीच्या महिन्यांत भरून काढतात?

पहिल्या प्रश्नाचं ठळक उदाहरण कॅरिबियन समुद्रातलं आहे. हमूरच्या कुळातला नासाऊ ग्रूपर वर्षभर एकेकटा राहतो, पण हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास शेकडो-हजारोंच्या संख्येनं ठरावीक जागी जमतो. लिटल केमन बेटाजवळ अशी एक जागा २००१ मध्ये मच्छीमारांना सापडली. अंदाजे सात हजार मासे तिथे जमत होते, आणि दोन हिवाळ्यांत त्यातले चार हजार पकडले गेले. २००३ मध्ये सरकारनं तिथे मासेमारी थांबवली, आता विणीचे महिने, १ डिसेंबर ते ३० एप्रिल, या माशासाठी बंद असतात. पहिली कित्येक वर्षं आकडा हललाच नाही. मग एका चांगल्या वर्षाची पिल्लं मोठी होऊन जमावात सामील झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार संख्या पुन्हा सात हजारांच्या घरात पोचली. इथे तारखांनी काम केलं, कारण वर्षाची सगळी जोखीम मोजक्या रात्रींत गोळा झाली होती. (नारळी पौर्णिमेशी याचा संबंध नाही, पण चंद्र पाहून समुद्राचं वेळापत्रक ठरवणारे आपणच एकटे नाही हे मला आवडलं.)

जो मासा असा जमत नाही, त्याच्यासाठी हिशोब वेगळा लागतो. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या जातीचा मासा मोठा व्हायला आठ वर्षं लागतात आणि दर वर्षी शंभरातले तीस गळाला लागतात, असं धरा. बाकी सगळी मरणं सोडून दिली तरी आठ वर्षांनी शंभरातले सहाच उरतात. आता दोन महिने बंदी आणली, मासे वर्षभर सारखेच सापडतात आणि लोकांनी उरलेल्या दहा महिन्यांत जास्त मासेमारी केली नाही, तर उरतील नऊ. त्या दोन महिन्यांतच वर्षाची एक तृतीयांश पकड होत असेल, तर बंदीमुळे उरतील पंधरा. आणि तारखा तशाच ठेवून रोजच्या माशांच्या संख्येवर मर्यादा घालून वर्षाची पकड निम्मी केली, तर उरतील चोवीस.

कुवेतच्या शेम-सोबैतीचं काय? विणीचा काळ आणि गळवाल्यांच्या गर्दीचा काळ एकच असल्यामुळे त्या महिन्यांतली बंदी ‘नऊ’च्या बाजूला न जाता ‘पंधरा’च्या बाजूला जाईल, असं मला वाटतं. जुबैदीच्या बंदीचा पोशाख तसाच्या तसा गळवाल्यांना घालून चालणार नाही ते यामुळे. जून-जुलै गळ बंद करणं सगळ्यांना सोयीचं ठरेल, कारण त्या उन्हात तसंही कोणी जात नाही, आणि नेमकं त्याच कारणानं त्याचा उपयोग नगण्य होईल.

मोठा मासा कोण असतो?

हमूर जन्मतः नर नसतो. तो आधी मादी म्हणून वयात येतो, काही वर्षं अंडी घालतो आणि मोठा झाल्यावर नर बनतो. शेम आणि सोबैतीचं उलटं. ते आधी नर असतात आणि मोठे झाल्यावर त्यांच्यातले बरेच मादी होतात. या गोष्टीला विचित्र म्हणायचं कारण नाही, माशांच्या जगात हे नेहमीचं आहे.

पण याचा अर्थ बघा. फक्त किमान आकाराचा नियम असेल, म्हणजे लहान सोडा आणि मोठे ठेवा, तर हमूरमध्ये आपण निवडून नर काढतो आणि शेममध्ये निवडून माद्या. हमूर वीस वर्षांपर्यंत जगू शकतो, मोठा नर तयार व्हायला बराच काळ जातो आणि फोटोसाठी हवा असतो तो तोच. वर्षात दोन महिने विश्रांती देऊन ही तूट भरत नाही. म्हणून अशा जातींसाठी अनेक देशांत खालची आणि वरची अशी दोन्ही मापं ठरवतात. मधल्या मापाचा मासा घरी न्या, लहान आणि खूप मोठा दोन्ही सोडा. आपल्याकडे जेवणाच्या ताटाएवढा मासा असं एक अलिखित माप असतंच, ते या मधल्या पट्ट्याच्या बरंच जवळ जातं. एवढा मासा चवीलाही चांगला लागतो, प्रचंड हमूर ही बहुधा मिरवायची वस्तू असते.

दिवस मोजून हंगाम ठरवला की काय होतं

गळवाल्यांसाठी हंगाम ठरवायचा सर्वांत मोठा आणि गाजलेला प्रयोग मेक्सिकोच्या आखातात झाला. मासा रेड स्नॅपर, आपल्या तांबोशीच्या कुळातला. तिथे विणीचा काळ बाजूला ठेवून वजनाचा हिशोब केला गेला. हौशी लोकांच्या वाट्याला वर्षाला इतका टन मासा, रोज सरासरी इतका पकडला जातो, भागाकार करा आणि तितके दिवस हंगाम खुला ठेवा.

केंद्र सरकारच्या हद्दीतल्या पाण्यात २००७ साली हा हंगाम १९४ दिवसांचा होता. २०१४ मध्ये तो ९ दिवसांवर आला. २०१७ मध्ये ३ दिवस जाहीर झाले, आरडाओरडा झाल्यावर ते ३९ दिवसांनी वाढवले गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की मासा संपत चालला होता. झालं होतं उलटं. मासा वाढत होता.

पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. वाटा १,००० किलो आणि रोजची पकड २० किलो असेल तर हंगाम ५० दिवसांचा. काही वर्षांनी मासे वाढले, अंगानंही मोठे झाले, म्हणून वाटा १,५०० किलो केला. पण आता रोज ५० किलो मासा सापडतो. हंगाम किती दिवसांचा? तीस. मासा जितका सावरतो तितके दिवस कमी होतात. त्यात दिवस कमी म्हटल्यावर त्याच दिवसांत सगळे बोटी घेऊन धावतात, वादळ असलं तरी जातात आणि रोजची पकड आणखी चढते. शिवाय किनाऱ्यालगतच्या पाण्यावर राज्यांचा ताबा, तिथे राज्यांनी हंगाम लांब ठेवला, ती पकडही त्याच वाट्यातून वजा झाली आणि केंद्राचे दिवस आणखी आटले. शेवटी २०१८ पासून आपापल्या वाट्याचा हिशोब राज्यांकडेच सोपवायला सुरुवात झाली.

आखाती देशांच्या बाबतीत यातली हद्दीची गोष्ट तंतोतंत लागू पडते. जुबैदीला कुवेत, इराक आणि इराण यांच्या सीमा कळत नाहीत. एकानं बंदी ठेवली आणि शेजाऱ्यानं त्याच दिवसांत जाळं टाकलं, तर बंदीचा लाभ पाण्याबरोबर वाहून जातो. बाजारातही तोच घोळ. बर्फातल्या माशाच्या अंगावर तो कुठल्या तारखेला आणि कुठल्या हद्दीत पकडला हे लिहिलेलं नसतं. ओमाननं यावर एक सरळ उपाय केला आहे. तिथे सुरमईवर १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते, ती पकडण्यावर तर असतेच, पण विकण्यावर आणि बाळगण्यावरही असते. व्यापाऱ्यांनी आपल्याकडचा साठा बंदीपूर्वी नोंदवायचा. संयुक्त अरब अमिरातीत शेरी आणि साफी या माशांसाठी १ मार्च ते ३० एप्रिल असा विणीचा काळ धरला आहे. गळाला लागणाऱ्या माशांसाठी वसंतातली बंदी आखातात अशक्य नाही, याचा हा शेजारचाच दाखला.

‘आम्ही सोडून देतो की!’

बंदीचा विषय निघाला की हे उत्तर हमखास येतं. सोडलेला मासा जगला तर उत्तर बरोबर आहे. तो जगतो का, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं.

पहिली खोली. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरवर, म्हणजे अकरा वाव पाण्यात, एकूण दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो. तिथल्या हमूरच्या पोटातली हवेची पिशवी त्या दाबाला जुळवून घेतलेली असते. त्याला झटकन वर ओढला की तीच हवा तिप्पट जागा मागते. पिशवी फुगते, कधी फाटते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून डोकावतं. असा मासा सोडला तर बुडीच मारू शकत नाही, पोट वर करून तरंगत राहतो आणि पक्ष्यांचं भक्ष्य होतो. यावर उपाय आहे. वजन बांधलेल्या दोरीनं त्याला पुन्हा खोल नेऊन सोडायचं, तिथे दाबानं हवा आपोआप आक्रसते. मेक्सिकोच्या आखातात असं साधन बोटीवर तयार ठेवणं २०२२ पासून कायद्यानंच सक्तीचं केलं. कुवेतचा समुद्र उथळ आहे आणि किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, पण बोटीनं बाहेर जाणाऱ्यांना येते.

दुसरी गोष्ट तापमान, आणि इथे कुवेत जगापेक्षा वेगळं आहे. जुलै २०२० मध्ये कुवेत उपसागरात पाण्याचं तापमान ३७.६ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. माणसाच्या शरीरापेक्षा गरम समुद्र! गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. १५ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम असतो, ३५ अंशाला साडेपाचच्या आसपास. आणि गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. गळाशी दहा मिनिटं झुंजलेला मासा म्हणजे दम लागलेला धावपटू. त्याला भरपूर हवा हवी असते तेव्हाच पाण्यात ती नसते. त्यात फोटोसाठी दोन मिनिटं बाहेर धरला की त्याचं काम संपतं.

म्हणजे विणीच्या महिन्यांत, फेब्रुवारी-मार्चच्या थंड पाण्यात, गाबोळीनं पोट फुगलेला मासा सोडणं खरोखर उपयोगी पडतं. तो जगण्याची शक्यता चांगली असते आणि पुढच्या काही दिवसांत अंडीही घालतो. उन्हाळ्यात हौसेखातर पकडायचं आणि सोडायचं, हा खेळ मात्र माशाच्या जिवावर बेततो. तेव्हा खायचे तेवढे दोन मासे पकडून गळ गुंडाळणं जास्त बरं. हात ओले करून मासा धरावा, गळ खोल गेला असेल तर ओढून न काढता दोरा कापावा आणि काटेरी परतीचा दात पक्कडीनं चेपून टाकलेला गळ वापरावा. या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत.

पकड मोजणार कोण?

शर्कच्या बाजारात लिलावाला आलेल्या मासळीचे आकडे निघतात. आपल्या थर्माकोलच्या पेटीतला मासा लिलावात येत नाही, म्हणून तो त्या आकड्यांत नसतो. हंगाम ठरवायचा तर भागाकारातली खालची संख्या, रोजची पकड, हवी. ती नसेल तर प्राधिकरण एक तर काहीच करणार नाही किंवा सरसकट सगळं बंद करेल. कुवेतमधले नियम अधूनमधून बदलतात. कुठल्या पाण्यात गळ चालतो, बोटीला कसला परवाना लागतो, कोणत्या जातीवर बंदी आहे, हे जाण्यापूर्वी त्या वर्षीच्या सूचनेत बघून घ्यावं. या सूचना अरबीत निघतात आणि इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत छापून येतात.

आपल्या गटात एक साधी वही मात्र ठेवता येईल. तारीख, जागा, माशाची जात, तोंडापासून शेपटीपर्यंत सेंटीमीटरमध्ये लांबी, आणि साफ करताना गाबोळी होती की नव्हती. किती तास गळ टाकून बसलो तेही लिहावं, कारण एकही मासा न लागलेला दिवससुद्धा माहितीच असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा हाताशी असेल तर माशाचं आणि गाबोळीचं वजन वेगवेगळं टिपावं. अब्बासियातल्या दहा घरांनी दोन हिवाळे असं लिहिलं, तर शेमची गाबोळी कुठल्या आठवड्यात भरायला लागते आणि कुठल्या आठवड्यात रिकामी होते, हे त्या वहीतून काढता येईल.